भुजलीचं नाव

बालाघाट,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय भुजली,

सोळा वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे आणि विषय काय, तर काल संध्याकाळी टीव्हीवर पाहिलेला संगीत पुरस्कारांचा कार्यक्रम. हसू नकोस. किंवा हस. रागावलेली बाई एकदा हसली तर निदान पुढचं पान उलटते, एवढ्याच आशेवर बसले आहे.

पाकिटावरचं नाव यांनी लिहिलं आहे, अक्षर ओळखलं असशीलच. मी कसं लिहिणार? चिचटोल्याच्या तळ्यावर आपण एकमेकींच्या कानामागे गव्हाचे कोंब खोचले आणि भुजली झालो, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. भुजली झालेल्या बायांनी मरेपर्यंत एकमेकींचं नाव घ्यायचं नसतं. आयुष्यात दोन माणसांची नावं मी घेत नाही, यांचं आणि तुझं. यांचं निदान उखाण्यात तरी घेता येतं. तुझ्यासाठी कोणी उखाणाही करून ठेवलेला नाही.

तर कार्यक्रम. अगं, काय तो रंगमंच! लांजीच्या बाजाराचं मैदान त्यात दोनदा मावेल. खाली काच, काचेखाली दिवे, आणि त्या दिव्यांवरून माणसं चालताहेत. पाय घसरत कसा नाही कोणाचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. निवेदकाच्या कोटावर इतक्या टिकल्या होत्या की तो वळला की आमच्या टीव्हीत पांढरं पांढरं व्हायचं, आणि हे उठून मागची वायर हलवायचे. एका गायिकेच्या झग्याला एवढं लांब शेपूट होतं की ते धरायला दोन माणसं होती. ती मंचावर पोचली, बक्षीस घेतलं, आभार मानले, आणि शेपूट अजून पायऱ्यांवरच होतं. हे म्हणाले, "मंच झाडाले माणूस ठेवाचा खर्च वाचला." मी मात्र आ वासून पाहत होते. कोणीतरी बसून त्या एवढ्या कापडावर एकेक मणी ओवला असेल ना गं?

बक्षीस म्हणजे सोनेरी काहीतरी गोल. हे म्हणतात बल्ब, मी म्हणते कांदा. पण खरी गंमत बक्षीस जाहीर होण्याआधीची. पाच चौकटींत पाच चेहरे दाखवतात. एकाचं नाव येतं आणि उरलेले चारजण त्याच क्षणी हसून टाळ्या वाजवतात! पापणीसुद्धा आधी लवत नाही. शाळेत अडतीस वर्षं मी बक्षिसं वाटली, पण दुसरा नंबर आलेलं एकही पोर मला असं हसताना दिसलं नाही. किती सराव करत असतील बिचारे, असं वाटून मला त्यांचंच कौतुक वाटलं.

एकजण तारेला लटकून हवेत फिरत फिरत गायला. तीन गिरक्या घेतल्या, एक सूर हलला नाही. हे म्हणाले, गाणं आधीच भरून ठेवलेलं असतं, तो नुसतं तोंड हलवतो. काही गोष्टी यांना ठाऊक नसत्या तर आमचा संसार जास्त सुखाचा झाला असता.

मग एकदम सगळा अंधार झाला. मला वाटलं आमच्याकडचीच लाईट गेली, म्हणून मी टॉर्च शोधायला उठले. तेवढ्यात टीव्हीतून आवाज आला. जुनी, खरखरणारी ध्वनिफीत, पाचसहा सेकंदांची. बाईचा आवाज.

फेक वो बाई पेंडी, पाण्यात माहे पाय
आभाय खाली उतरलं, त्याले सांगू काय?

आवाज कोणाचा ते तुला सांगायला नको. मी टॉर्च हातात धरून तशीच उभी राहिले.

मग उजेड आला, हळूहळू, निळा. श्रुतिका नावाची एक सडपातळ पोरगी अनवाणी उभी होती, आणि तिच्यामागे साठ व्हायोलिनवाले. साठ! यांनी मोजले. तिनं गाणं उचललं आणि काचेच्या त्या जमिनीवर खरंच पाणी भरल्यासारखं दिसायला लागलं, त्यात ढग. दुसऱ्या कडव्याला साठही जण थांबले. ती एकटी म्हणत होती.

आभाय म्हणे बाई, मले बी रोव
धुऱ्याच्या कडेले थोडी जागा ठेव

भुजली, चार हजार लोक उभे राहिले. हिऱ्यामोत्यांच्या बाया, सुटाबुटातले बाप्ये, ती शेपटीवालीसुद्धा. आणि हे सोफ्यावरून उठून उभे राहिले, गुडघे धरून, राष्ट्रगीत नसताना. गुडघाभर चिखलात भाताचा रोवणा करताना, रोपांच्या पेंड्या फेकत म्हटलेलं गाणं. माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही.

वर्षाचं सर्वोत्तम गाणं म्हणून त्यालाच तो कांदा मिळाला. संगीतकार वर आला, बाहीनं डोळे पुसले. मग हिंदीत म्हणाला, हे गाणं कोणाचंच नाही म्हणून सगळ्यांचं आहे, बालाघाटच्या नाव नसलेल्या बायांचं आहे. पुन्हा टाळ्या.

यांनीही वाजवल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नाव नसलेल्या काहून? हे तं तुह्या भुजलीचं गाणं होय ना?"

मी पाणी प्यायला उठले.

तुझी भुजली


बालाघाट,
२ मार्च

प्रिय भुजली,

तुझं उत्तर नाही. इतक्यात येईल असं मला वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनची सायकल वाजली की मी फाटकाशी असते. यांना सांगितलं आहे की बँकेचं काहीतरी यायचं आहे.

आज दुपारी तो कार्यक्रम पुन्हा दाखवला. मी मुद्दाम वही घेऊन बसले. मागच्या वेळी सुटलेल्या गोष्टी सांगते. एका ढोलवाल्यापुढे एकतीस ढोल होते आणि त्याला हात दोनच. ध्वनिमिश्रण नावाच्या कशाचं तरी बक्षीस घेणाऱ्या माणसानं एकोणीसजणांचे आभार मानले, त्यात त्याचं कुत्रं होतं. एका म्हाताऱ्या सनईवाल्याला जीवनगौरव दिला. त्यानं फक्त हात जोडले, फुंक मारली आणि एक सूर असा लावला की निवेदकाला स्वतःचा विनोद पुढे बोलता येईना. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. टीव्हीला नावं ठेवायची मला सवय आहे, पण त्या सुरापुढे ठेवता येईनात.

आणि मग आपलं गाणं. यावेळी मी उभी राहिले नाही. ती जुनी फीत वाजली तेव्हा उशीत तोंड घातलं. चार हजार लोक माझ्या आवाजाकडे कान लावून बसले होते. लिहून टाकते, मला आधी अभिमान वाटला, लाज मागून आली. हा क्रम बरा नाही, पण तो असा होता.

आता तू म्हणशील, सोळा वर्षांपूर्वीचं काय? मला तो दिवस चांगला आठवतो. तू लांजीच्या बसनं आलीस. पायांत रस्त्याची धूळ, हातात तांदळाची पिशवी, दरवेळी आणायचीस तशी. पिशवी खाली न ठेवताच विचारलंस, "रेडिओत माह्यं नाव काहून नाही सांगतलं?"

मी म्हटलं, "भुजलीचं नाव कसं घेऊ वो? रीत आहे ना."

चहा टाकला होता, तो तसाच राहिला. दोनच्या बसनं परत गेलीस. पिशवी मात्र ठेवून गेलीस.

आता तूच सांग, मी खोटं बोलले का? भोपाळहून एक संग्राहक आले होते, जुनी गाणी गोळा करायला. त्यांनी माझ्या आवाजात ते गाणं ध्वनिमुद्रित केलं, हे कोणाचं असं विचारलं. तुझं नाव घेतलं असतं तर आपली भुजली तुटली असती. नाव घेतलं की नातं तुटतं, हे मला तुझ्या सासूनंच सांगितलं होतं. मी नातं राखलं असं तुला कधी वाटलं नाही का?

तुझी भुजली


बालाघाट,
१० मार्च

प्रिय भुजली,

मागचं पत्र फाडून टाक. टाकलं असशीलच.

यावेळी पाकीट बघितलंस? अक्षर माझं आहे. नाव मी लिहिलं आहे. आधीची दोन यांच्याकडून लिहून घेतली ते सोंग होतं.

नाव तोंडानं घ्यायचं नसतं. लिहायला कोणाची बंदी नव्हती, आणि हे तुझ्यामाझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. पहिल्या नोकरीवर चिचटोल्याला आले तेव्हा मी बावीस-तेवीसची होते, तू नवी नवरी. दुपारी जेवणं आटोपली की तू पदराखाली पाटी घेऊन यायचीस. नाव काय ते मी उच्चारणार नाही आणि तुला वाचता येत नाही, म्हणून मी पाटीवर तुझं नाव लिहायचे आणि तू ते स्वतःच मोठ्यानं म्हणायचीस. एकेक अक्षरावर बोट ठेवून. पूर्ण नाव जुळलं त्या दिवशी तू घरभर नाचलीस आणि तुझ्या यजमानांना, बाबूलालभाऊंना, वाटलं तुला काहीतरी चावलं. तर मला लिहिता येत होतं. त्या संग्राहकांच्या हातात वही होती, पेन होतं. वही घेऊन चार अक्षरं लिहायला मला किती वेळ लागला असता?

खरं काय झालं ते आज सांगते. त्यांना जुनी गाणी हवी होती. मी तीनचार म्हटली, त्यांनी माना डोलावल्या. ती सगळी त्यांच्याजवळ होती. त्यांनी यंत्र गुंडाळायला घेतलं. मला राहवेना. मी तुझं गाणं म्हटलं. ते तसेच खाली बसले. पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, हे किती जुनं? मी म्हटलं, पाचसात पिढ्यांचं असेल. कोणाचं? मी म्हटलं, परंपरेनं चालत आलेलं. ते म्हणाले, हेच, हेच शोधत होतो बाई! आणि मला नमस्कार केला. एवढा शिकलेला माणूस माझ्यापुढे वाकला गं. तेव्हा जर म्हटलं असतं की हे आमच्या चिचटोल्यातल्या एका बाईनं पंच्याऐंशी साली रोवणा करता करता केलं, मी तिच्या शेजारी उभी होते, तर त्यांनी यंत्र परत गुंडाळलं असतं असं मला वाटलं.

पुढे रेडिओवर वाजलं. पुस्तकात आलं, खाली पारंपरिक असं छापून. मला शाल मिळाली, मानपत्र मिळालं, "लोकपरंपरेच्या जाणकार" असं त्यावर लिहिलं आहे. तुझ्या गाण्यावर मी जाणकार झाले. आणि तू दारात येऊन विचारलंस तेव्हा रीतीच्या मागे लपले.

तो रविवार मला अजून दिसतो. हौस म्हणून मी साडी खोचून चिखलात उतरले होते. अर्ध्या तासात कंबर धरली. बाकीच्या बाया हसत होत्या. पाणी थरारत नव्हतं इतकं स्थिर होतं, आणि तू पेंडी हातात घेऊन एकदम वाकायची थांबलीस. पाण्यात बघत राहिलीस. मग त्या दोन ओळी म्हणालीस, जशा काही कोणीतरी आत्ताच तुझ्या कानात सांगितल्या. मी शिकलेली, पुस्तकं वाचलेली, आणि माझ्याही पायाखाली तेच आभाळ होतं. मला चिखल दिसला. त्या दिवशी जेवढं नवल वाटलं तेवढं त्या साठ व्हायोलिनांनी वाटलं नाही. आणि भुजली, थोडा हेवाही वाटला. बहुतेक तोच चोवीस वर्षांनी बोलला.

यांच्या भाच्यानं, संकेतनं, मुंबईच्या त्या कंपनीचा पत्ता काढून दिला आहे. त्यांना सगळं लिहून पाठवते आहे, माझ्या खोट्यासकट. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. तुझं नाव तिथे लागलं पाहिजे, एवढंच आता माझ्या हातात आहे.

तुझी
(काय लिहू ते कळत नाही)


बालाघाट,
२९ मार्च

प्रिय,

काल मुंबईहून फोन आला. हे वर्तमानपत्र वाचत होते, मी भाजी निवडत होते. एक मुलगी हिंदीत बोलत होती, फार गोड आवाज. पत्र मिळालं म्हणाली, सरांनी स्वतः वाचलं म्हणाली. सर म्हणजे तो कांदा घेताना रडलेला माणूस. पुढच्या प्रत्येक ठिकाणी नाव लावायला ते तयार आहेत, पण जुनी फीत माझ्या आवाजातली असल्यामुळे माझं म्हणणं माझ्याच तोंडून नोंदवून घ्यायला हवं.

"मैडम, गीत किसने बनाया, नाम बोलिए. रिकॉर्डिंग चालू है."

मी म्हटलं, पत्रात लिहिलंय.

"बोलना पड़ेगा, मैडम."

यांना सगळं ऐकू जात होतं. वर्तमानपत्र खाली ठेवून हात पुढे केला, म्हणाले, "आण इकडे, मी सांगतो. तुले रीत मोडाची काही गरज नाही." चांगल्या मनानं म्हणाले. आणि मी फोन देणारच होते. अर्धा हात पुढे गेलाही होता. मग मनात आलं, सोळा वर्षांपूर्वी मी हेच केलं, रीत पुढे केली आणि स्वतः मागे राहिले.

मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "पुष्पलता."

लाईन खराब होती. ती म्हणाली, फिर से बोलिए. मी म्हटलं, "पुष्पलता बाबूलाल, गाव चिचटोला, तहसील लांजी." ती म्हणाली, आवाज कट रहा है. तिसऱ्यांदा मी अंगणात जाऊन अशी ओरडले की समोरच्या किराणा दुकानातून माणूस बाहेर आला. त्याला वाटलं, कोणी हरवलंय.

मग तिनं विचारलं, और आप? मी म्हटलं, जिनं हे नाव लपवलं ती. ती म्हणाली, मैडम, ये भी रिकॉर्ड हो गया. मी म्हटलं, होऊ दे.

फोन ठेवल्यावर मी पायरीवर बसले. चाळीस वर्षं जे तोंडात आलं नाही ते तीनदा बोलून झालं होतं. किती सुंदर नाव आहे गं तुझं. मी ते पाटीवर शंभरदा लिहिलं, पण माझ्या आवाजात कसं वाटतं ते मला माहीतच नव्हतं. मी पायरीवर बसून रडले, आणि हे आत जाऊन मी अर्धी टाकलेली भाजी निवडत बसले.

नाव घेतलं, म्हणजे आता आपण भुजली नाही. रीतीप्रमाणे तुटलं. खरं तर सोळा वर्षांपूर्वीच मी तोडलं होतं, कालचं फक्त मोठ्यानं झालं. तुला आता मी कोणीच लागत नाही, तरी हे पत्र घाल पोस्टात असं हे म्हणाले, म्हणून घालते आहे.

अलकनंदा


चिचटोला
ता. १४ एप्रिल

अलकनंदा,

तुनं माह्यं नाव घेतलं, मी तुह्यं लिहिलं. लिहिता लिहिता तोंडानं बी म्हटलं. फिट्टंफाट झाली.

चारही पत्र भेटले. मले वाचाले वेळ लागते म्हणून उत्तराले उशीर झाला. तुनं अक्षर बारीक काढलं, मास्तरीण असून एवढी अक्कल नाही.

तो कार्यक्रम मी बी पाह्यला. पौर्णिमाच्या घरी, सरपंचाची सून आहे ते. शेपटीवाली मले आवडली. पण तुह्या त्या श्रुतिकाले सांग, लय हळू म्हणते. एवढं हळू म्हटलं तं रोवणा दिवाळीपावेतो बी होत नाही. आन् एवढे साठ बाप्ये मांगं उभे, एकाच्याही हातात पेंडी नाही.

मुंबईच्या माणसाचा फोन मले बी आलता. गाणं कसं सुचलं विचारे. मी म्हटलं, पाय दुखून राह्यले होते. तो हौ हौ करे. त्याले वाटलं मी मोठं काही बोलली.

आता रागाचं सांगतो. गाणं नेलं म्हणून मले राग नव्हता. गाणं म्हणासाठीच असते, तुह्या गळ्यात चांगलं लागते. रेडिओत वाजलं तवा मी धानाच्या बांधीत होती. कडेच्या धुऱ्यावर रेडिओ होता. तुहा आवाज आला तशी मी साऱ्या बायांवर वरडली, चूप राहा वो, माही भुजली गाऊन राह्यली, माह्यं गाणं गाऊन राह्यली. साऱ्या हात थांबवून आयकत होत्या. मंग रेडिओतली बाई बोलली का हे गाणं कोणाचंच नाही. बाया माह्याकडे पाहत राह्यल्या. वसंताची माय हासली. मी खाली पाहून रोवणा करत राह्यली. त्या दिवसानंतर बांधीत मी कधी गाणं म्हटलं नाही, सोळा वर्सं झाले.

तं आता आयक. रेडिओत, टीव्हीत नाव लागो का न लागो, मले त्याचं काही नाही. त्या बाया अजून हायेत. वसंताची माय बी हाये, कानानं कमी आयकते.

सावनात मी टोपलीत भुजलीचा गहू पेरतो. राखीच्या दुसऱ्या दिवशी ये. घरी सरळ येजो नोको. मोहल्ल्याच्या तोंडाशी उतर आन् तिथून माह्यं नाव घेत ये, फोनात घेतलं तसं, वसंताच्या मायले आयकू गेलं पाह्यजे. मंग मी दार उघडतो, मंग तळ्यावर जाऊ, मंग कानात भुजली खोचतो.

मंग मरेस्तोवर माह्यं नाव घेजो नोको.

पुष्पलता